'बरा होतो' असं कुठल्या ओळीत आहे?

तर झालं असं, की थिसिसच्या तिसऱ्या चॅप्टरमध्ये मी बिनधास्त लिहून टाकलं होतं, 'पत्नीच्या स्पर्शाने सैनिक बरा होतो.' गाईडनी समासात एवढंच विचारलं, 'कुठल्या ओळीत?' कविता पुन्हा काढून बसले. तशी ओळच नाही!

कविता सायमन आर्मिटेजची, 'द मॅनहंट'. २००७ साली चॅनल फोरवर युद्धाहून परतलेल्या सैनिकांवरची 'द नॉट डेड' ही फिल्म आली. त्यांच्या अनुभवांवरून आर्मिटेजने कविता लिहिल्या. ही त्यातली लॉराची; तिचा नवरा शांतिसैनिक म्हणून बोस्नियात होता, तिथे त्याला गोळी लागली.

दोन-दोन ओळींच्या तेरा जोड्या. बायकोची बोटं नवऱ्याच्या अंगावरून फिरतात: चेहऱ्यावरचा व्रण, जबडा, खांदा, फुप्फुस, बरगड्या. प्रत्येक अवयव कसली तरी वस्तू झालाय. बिजागरी, चिनी माती, सुकाणू, पॅराशूटचं रेशीम. आणि जवळपास सगळ्याच मोडलेल्या, फाटलेल्या.

पण मला आता क्रियापदं जास्त महत्त्वाची वाटतात. सुरुवातीला तो करू देतो तेव्हाच तिला हात लावता येतो. बरोबर मध्यावर, सातव्या जोडीत, हे बदलतं: आता 'मला करता आलं'. परवानगी मागे पडली, पण 'तेव्हाच कुठे' हे पालुपद सुटत नाही. पाच वेळा येतं. म्हणजे किती वाट बघितली असेल बाईने!

छातीत अडकलेल्या गोळीला ती गर्भ म्हणते. स्कॅन म्हटल्यावर एरवी जोडप्याला काय आठवेल, ते इथे धातूचं झालंय. मधल्या जोड्यांत यमकं विस्कटत जातात, आणि नेमकी इथेच पक्कं यमक जुळतं. अंगावर येतं ते.

शेवटी तिला त्याच्या मनात पुरलेला, न फुटलेला सुरुंग सापडतो. तो निकामी होत नाही. ती फक्त जवळ पोचते. इंग्रजीत 'क्लोज्ड' आणि 'क्लोज', मिटणं आणि जवळ येणं, एकाच शब्दात बसतं. मराठीत मी 'मिटलं-भेटले' करून पाहिलं, फारच गोड झालं. सोडून दिलं.

चॅप्टरमधलं ते वाक्य खोडलंय. त्या जागी काय लिहायचं, अजून सुचलेलं नाही.