दरवाजाच्या अलीकडचा डोंगर

दुर्गभ्रमंतीवरचं कुठलंही बऱ्यापैकी मराठी पुस्तक घ्यावं आणि त्यातलं एखाद्या गडाचं प्रकरण हातात पेन्सिल धरून वाचावं. पायथ्याचं गाव एका वाक्यात येतं. चढ दोन-तीन वाक्यांत संपतो. त्याला ‘छातीवरचा’, ‘अंगावर येणारा’, ‘दमछाक करणारा’ ही ठरलेली विशेषणं असतात. मग दरवाजा लागतो आणि लेखकाचा आवाजच बदलतो. कमान, बुरूज, देवड्या, शिलालेख, कुणी कधी जिंकला, कुणी कधी गमावला. पानंच्या पानं भरतात. उतरणं तर बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. लेखक वर असतो आणि पुढच्या परिच्छेदात एकदम एसटीत बसलेला असतो.

ही तक्रार नाही, निरीक्षण आहे. पण त्यातून निघणारी तक्रार मी करणार आहे. आपल्या भाषेतलं डोंगरांचं लेखन दरवाजापाशी सुरू होतं. दरवाजाच्या अलीकडे जे असतं, म्हणजे कातळ, घसारा, नळी, घळ, हात टेकल्याशिवाय पुढे न जाता येणारी ती चार पावलं, त्याला आपल्याकडे शब्द आहेत. साहित्य जवळपास नाही. आणि ज्या डोंगराला दरवाजाच नाही, तो डोंगर वाङ्मयात यायला वाटच उरत नाही.

ढाणकीतल्या माणसानं सह्याद्रीवरच्या लेखनाबद्दल का बोलावं, असं कुणी विचारील. आमच्याकडून पुण्याला जायचं तर रात्रभराचा प्रवास. सह्याद्री आम्हाला आधी पुस्तकात भेटतो, पायाला नंतर, कित्येकांना कधीच नाही. म्हणून ही पुस्तकं आम्ही जरा वेगळ्या नजरेनं वाचतो. पुण्या-मुंबईचा वाचक मधली गाळलेली जागा स्वतःच्या अनुभवानं भरून काढतो. आम्हाला ती रिकामी दिसते.

हे असं का झालं, ते समजण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिंतामण गंगाधर गोगटे यांनी ‘महाराष्ट्र देशांतील किल्ले’ लिहिलं, तेव्हा पारतंत्र्यातल्या वाचकाला गडाचा इतिहास हवा होता, गडाची वाट नव्हे. पुढे तोच साचा रूढ झाला. प्र. के. घाणेकरांसारख्या वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकानं त्यात झाडंझुडपं आणि बारकाईनं पाहण्याची सवय आणली. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’नं वाटांची माहिती देणारं पुस्तक म्हणून कित्येक पिढ्यांच्या पाठपिशवीत जागा मिळवली. एक गोष्ट मात्र या सगळ्या परंपरेनं चोख केली आहे, ती म्हणजे पाण्याची नोंद. कुठलं टाकं बारमाही, कुठलं फेब्रुवारीत आटतं, कुठलं पाणी पिण्यालायक आणि कुठलं शेवाळलेलं, हे आपली पुस्तकं सांगतात. मार्च ते मे या काळात सह्याद्रीचा माथा वाळवंटाहून फार वेगळा नसतो, आणि तिथे ही एक ओळ जीव वाचवते. अशी ओळ जो लिहू शकतो त्याला कातळाबद्दलही लिहिता आलं असतं. त्यानं ते लिहिलं नाही, कारण ते लिहिण्याजोगं आहे असं त्याला वाटलं नाही.

गंमत अशी, की इतिहास आणि कातळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. 1818 मध्ये मराठेशाही संपल्यावर इंग्रजांनी कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, गड पुन्हा नांदता होऊ नये म्हणून. अलंग आणि मदनच्या वाटेवर जिथे आज दोर लावावा लागतो, तिथे एकेकाळी पायऱ्या होत्या. म्हणजे आजचा गिर्यारोहक जिथे बोटांनी खाच शोधतो, ती जागा इतिहासानंच अवघड केलेली आहे. तो इतिहास तिथे हातानं वाचता येतो. उलट हरिहरच्या पायऱ्या पाहा: जवळजवळ उभ्या कातळात खोदलेल्या, आणि दर पायरीला हात घालायला खोबणी. ज्यानं त्या खोदल्या त्यानं माणसाचं शरीर किती बारकाईनं ओळखलं होतं! चढताना तोल कुठे जातो, बोटं किती आत जातात, ओझं असलं तर काय होतं, या सगळ्याचा विचार त्या दगडात आहे. हरिहरवर आज भरपूर लिहिलं जातं. त्या खोबणीवर एक सबंध परिच्छेद लिहिलेला माझ्या वाचनात नाही.

हिरकणीचं तसंच. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरलेली गवळण. कथा प्रत्येक मराठी मुलाला पाठ आहे. आपण तिच्यातली आई घेतली आणि उतरणारी बाई सोडून दिली. अंधारात, दोराशिवाय, कडा उतरणं हे चढण्यापेक्षा कितीतरी अवघड. पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही, तोंड कातळाकडे ठेवावं लागतं, वजन हातावर येतं. रोज दूध घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईला तो कातळ आधीपासून माहीत असणार, हेही कथेत कुणी म्हणत नाही. तिचं धाडस मायेच्या खात्यावर जमा झालं. तिचं कसब कुठल्याच खात्यावर नाही.

इथे गो. नी. दांडेकरांकडे यावंच लागतं. गोनीदा आमच्या बाजूचे. 1916 मध्ये परतवाड्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांचा जन्म झाला. आयुष्य मात्र तळेगावला आणि सह्याद्रीत गेलं. त्यांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे दुर्गप्रेमींचं दैवत आहे, आणि त्या पुस्तकातली निष्ठा, गडावरच्या माणसांशी जुळलेला जिव्हाळा, याबद्दल दुमत नाही. तरी माझं मत असं, की कातळ त्यांनी भ्रमणगाथेपेक्षा कादंबऱ्यांत जास्त जाणला. ‘माचीवरला बुधा’मध्ये राजमाची हे स्मारक नाही, मुंबई सोडून परत आलेल्या एका म्हाताऱ्याचं घर आहे, तिथली झाडं, पाणी, चढ-उतार हे सगळं त्याच्या वयानं मोजलेलं येतं. आणि ‘जैत रे जैत’! ठाकरांचा नाग्या, लिंगोबाचा डोंगर, कड्याला लटकलेली मोहोळं. इथे कडा ही पार्श्वभूमी नाही, कथेचा प्रतिस्पर्धी आहे. नाग्याला त्या मोहोळांपर्यंत पोचायचं आहे, आणि वाचकाचा श्वास त्याच्या हातापायांबरोबर चालतो. जब्बार पटेलांच्या 1977 च्या चित्रपटामुळे बहुतेकांना त्यातली गाणी आठवतात, पण मूळ कादंबरी मराठीतल्या डोंगर-लेखनाच्या यादीत कुणी धरत नाही. ती ‘आदिवासी जीवनावरची’ म्हणून वेगळ्या कप्प्यात गेली. मला हे वर्गीकरणच चुकीचं वाटतं. दोर, बूट आणि पाठपिशवी घेऊन चढणारा तो गिर्यारोहक. आणि मधासाठी, नवसासाठी अनवाणी चढणारा तो ‘जीवन’?

दरवाजा नसला की आपल्या लेखनाचं काय होतं, ते पाहायला सांदण दरी हा उत्तम नमुना आहे. भंडारदऱ्याच्या बाजूला, साम्रद गावाजवळ जमिनीला पडलेली ही अरुंद भेग. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये काही ठिकाणी जेमतेम दोन माणसांपुरती जागा, तळाला ओळखीचा एकही सपाट दगड नाही. पावसाळ्यात तिच्यातून लोंढा जातो. नंतरही बरेच दिवस सुरुवातीच्या भागात पाणी साचलेलं असतं आणि त्यातून चालत जावं लागतं. पुढे शिळांचा पसारा, आणि त्याच्याही पुढे कोकणाकडे उतरायचं तर दोर. किल्ला नाही, लढाई नाही, राजा नाही. गेल्या काही वर्षांत तिथे गर्दी लोटली आणि लेखांचाही पूर आला. त्यातले बरेच मी वाचले. इतिहासाचा आधार सुटताच गद्य एकदम पोकळ झालेलं दिसतं: ‘थरारक’, ‘अद्भुत’, ‘निसर्गाचा चमत्कार’. जिथे तेही पुरत नाही तिथे ‘आशिया खंडातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी’. पहिली कुठली, कुणी मोजली, कुठून कुठपर्यंत मोजली, हे कुणी लिहीत नाही. हिमालयातल्या नद्यांच्या दऱ्या डोळ्यांसमोर आणल्या तर हा दावा एक मिनिटही टिकत नाही. पण इतिहास नसलेल्या जागेला मोठेपण कुठून द्यायचं, हा लेखकांपुढचा पेच त्यातून दिसतो. मग क्रमांक दिला जातो.

याउलट अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, युटा-ॲरिझोनाच्या वाळवंटात, किल्ले नाहीतच. तिथल्या लेखकाला पहिल्या ओळीपासून दगडाबद्दलच बोलावं लागलं. एडवर्ड ॲबीचं ‘डेझर्ट सॉलिटेअर’ (1968) वाचताना मला हे फार जाणवलं. त्यात एका प्रकरणी तो एकटाच एका बाजूच्या घळीत घसरत घसरत खाली जातो आणि मग त्याच्या लक्षात येतं की परत वर चढता येत नाही, आणि पुढेही उडी मारता येत नाही. पुढची पानं फक्त कातळ, पाणी आणि भीती. कुठलाही राजा मदतीला येत नाही. तिथल्या माहितीपुस्तकांत वाटांची श्रेणीही याच अंगानं ठरते: चालत जाता येतं का, तोल सांभाळायला हात टेकावे लागतात का, पडल्यास जीव जाईल म्हणून दोर हवा का. आपल्याकडे ‘श्रेणी : सोपी, मध्यम, कठीण’. कुणासाठी? कुठल्या महिन्यात? बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर जाणारी नळीची वाट कोरड्या फेब्रुवारीत एक असते आणि भाद्रपदातल्या ओल्या शेवाळावर दुसरीच. ‘कठीण’ हा एक शब्द दोन्हींना कसा पुरणार? दरवर्षी पावसाळ्यात वाट चुकलेल्या, पाय घसरलेल्या पोरांच्या बातम्या येतात, तेव्हा त्या एका शब्दाची आठवण मला होते.

आणि शब्द तर आपल्याकडे उदंड आहेत. सोंड म्हणजे माथ्यावरून खाली उतरत आलेला डोंगराचा पाय, नळी म्हणजे दोन कड्यांमधली उभी, दगडांनी भरलेली चिंचोळी वाट. घळ, कपार, खोबण, खिंड, सुळका, आरपार भोक असलेलं नेढं, पायाखालून सरकणाऱ्या बारीक दगडांचा घसारा, गुरांनी पाडलेली आणि कुठेच न नेणारी ढोरवाट. भीमाशंकरच्या शिडी घाटासारखी नावं तर वाटेचा स्वभावच सांगतात. हा कोश काही गिर्यारोहण संस्थांनी तयार केलेला नाही. तो महादेव कोळ्यांचा, ठाकरांचा, धनगरांचा, घाट चढून बाजाराला जाणाऱ्या बायांचा. आपल्या पुस्तकांनी शब्द घेतले, बोलणारे मात्र ‘एक वाटाड्या’ होऊन राहिले. ‘गावातून वाटाड्या घ्यावा’ हे वाक्य हजारदा छापलं गेलं असेल. त्या वाटाड्यानं वाटेत काय सांगितलं, कुठे थांबवलं, कुठला दगड हलवून पाहिला, हे फार क्वचित.

आता आमच्या बाजूला या. पैनगंगेपलीकडे माहूर आहे. तिथे किल्ला आहे म्हणून दुर्गसाहित्यात जागा मिळते, रेणुका आहे म्हणून तीर्थवर्णनात मिळते. पण रेणुका, दत्त, अनसूया या शिखरांमधली जंगलातली चढ-उतार, जी भाविक पिढ्यान्‌पिढ्या पायानं जोखत आले, ती दोन्हींत नाही. ढाणकीच्या पुढे बिटरगावकडे, आम्ही ज्याला बंदी भाग म्हणतो त्या अभयारण्याच्या मुलखात तर किल्लाही नाही. इथल्या टेकड्या ठेंगण्या, सागाच्या, मुरमाच्या. सह्याद्रीसमोर त्यांना डोंगर म्हणताना मलाच संकोच होतो.

पण सहस्रकुंड आहे. एका काठाला उमरखेड तालुका, दुसऱ्याला नांदेड जिल्हा, मध्ये पैनगंगा काळ्या कातळावरून खाली कोसळते. त्यावर छापून येतं ते सगळं पावसाळ्याचं: धारा, तुषार, पर्यटकांची गर्दी. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे सरकतो आणि धार आटते, तेव्हा तिथे जे उरतं त्याबद्दल मी एकही ओळ वाचलेली नाही. उरतो तो नदीनं घासून गुळगुळीत केलेला कातळ. सह्याद्रीच्या कड्यांत दिसतो तोच लाव्हाचा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथे थरांच्या पायऱ्यांनी उतरणारा. सकाळी नऊनंतर त्याला हात लावता येत नाही, म्हणून हाताची गरज असलेल्या जागा पहाटेच ओलांडाव्या लागतात. कोरडा दिसणारा दगड चालायला सर्वांत वाईट, कारण त्यावर वाळलेल्या शेवाळाचा पातळ पापुद्रा असतो आणि तो टाचेखाली सुटतो. खडबडीत, मळकट दिसणारी कड धरून चालावं. खळगे वरून उथळ वाटतात. काठी घालून पाहावी, मगच पाय. टोंगळ्याएवढ्या उंचीच्या पायरीवरून उडी न मारता बसून उतरावं. वरच्या अंगाला वाळूत गावकऱ्यांनी झिरे खणलेले असतात. त्यातलं पाणी गढूळ दिसलं तरी डोहातल्या हिरव्या पाण्यापेक्षा चांगलं, आणि ते घेण्याआधी काठावरच्या माणसाला विचारावं, कारण तो झिरा कुणाच्या तरी गुरांचा असतो. आकाशात ढग नसले तरी वरच्या मुलखात वळवाचा पाऊस झाल्याचं कळलं, तर पात्रात उतरू नये. मेंढरं हाकणारी पोरं हे सगळं न लिहिता जाणतात. दुपारी ती कडेला सावली पडते तिथे बसतात.