सहानुभूतीच्या पलीकडचे वाचन

मराठीत 'रेसिझम' या संकल्पनेसाठी 'वर्णद्वेष' आणि 'वंशवाद' असे दोन प्रतिशब्द वापरले जातात. त्यांतील निवड हा केवळ परिभाषेचा प्रश्न नाही. 'वर्णद्वेष' म्हटले की ही गोष्ट मनोविकाराच्या पातळीवर येते. द्वेष व्यक्तीच्या अंतःकरणात असतो. ज्याला तो तेथे आढळत नाही तो वाचक स्वतःला आपोआपच निर्दोष ठरवतो. 'वंशवाद' हा शब्द मात्र एका विचारव्यूहाकडे आणि त्यावर उभ्या राहिलेल्या संस्थांकडे निर्देश करतो. कोणाचाही द्वेष न करणारी व्यक्तीही या व्यूहाची लाभार्थी असू शकते. वंशवादाविषयी स्वतःला शिक्षित करणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर या भेदावर अवलंबून आहे. विकार द्वेषाचा असेल तर सहानुभूती हा त्यावरील उपाय ठरेल. प्रश्न व्यूहाचा असेल तर तो पुरेसा ठरणार नाही.

सहानुभूतीची ही मर्यादा जेम्स बाल्डविन यांनी १९४९ मध्येच दाखवली होती. हॅरिएट बीचर स्टो यांच्या 'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) या गुलामगिरीविरोधी कादंबरीवरील त्यांचा मुख्य आक्षेप तिच्या भावविवशतेवर होता. अश्रू ढाळणारा वाचक पीडिताच्या अनुभवाला भिडत नाही. स्वतःच्या सद्भावनेचा तो प्रत्यय घेतो आणि समाधानाने पुस्तक मिटतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे तात्पर्य सांगता येईल. निषेधाचे साहित्य वाचणे आणि निषेधाला पात्र असलेली व्यवस्था समजून घेणे, या दोन भिन्न क्रिया आहेत.

मग वाचनाची दिशा कोणती असावी? चिनुआ अचेबे यांनी १९७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात कॉनराडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'ची चिकित्सा केली. साम्राज्यशाहीच्या लुटीवर टीका करणारी म्हणून वाखाणली गेलेली ही कृती आफ्रिकेला केवळ एका युरोपीय मनाच्या पतनाची पार्श्वभूमी बनवते आणि तेथील माणसांना जवळजवळ वाचाहीन ठेवते, हा त्यांचा आरोप होता. निवेदक मार्लो आणि लेखक कॉनराड एक नव्हेत, हा बचाव अचेबे यांनी विचारात घेतला होता. पण दोघांमधील अंतर त्यांना पुरेसे वाटले नाही. एडवर्ड सैद यांनी १९९३ मध्ये भूमिका काहीशी निराळी मांडली: कॉनराडला साम्राज्याचे हिंस्र रूप दिसते, परंतु साम्राज्याला पर्याय असू शकतो याची कल्पना करता येत नाही. हा मतभेद महत्त्वाचा आहे. मात्र अचेबे यांनी विचारलेला प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. माणसांच्या एका समूहाचे मनुष्यत्व नाकारणाऱ्या कृतीला 'श्रेष्ठ' म्हणताना समीक्षेने कोणत्या गोष्टी नजरेआड केल्या, हा तो प्रश्न होय.

टोनी मॉरिसन यांच्या 'प्लेइंग इन द डार्क' (१९९२) या ग्रंथाने हा प्रश्न आणखी सूक्ष्म केला. कृष्णवर्णीय पात्रांचे चित्रण सहृदय आहे की तुच्छतादर्शक, एवढ्यावर त्या थांबत नाहीत. गोऱ्या लेखकाच्या कल्पनाशक्तीला आणि वाक्यरचनेला या पात्रांच्या उपस्थितीने कसा आकार येतो, हे त्या तपासतात. हेमिंग्वेच्या 'टू हॅव अँड हॅव नॉट' (१९३७) मधील एका प्रसंगाचे त्यांचे विवेचन या दृष्टीने मार्मिक आहे. मासेमारीच्या बोटीचे सुकाणू कृष्णवर्णीय खलाशाच्या हाती आहे. उडणारे मासे प्रथम त्यालाच दिसतात. त्याने ओरडून सांगावे, हे स्वाभाविक. परंतु लेखकाला त्याच्या तोंडी शब्द द्यावयाचा नाही. म्हणून गोरा निवेदक 'त्याला दिसले असल्याचे मला दिसले' अशा अर्थाचे अवघडलेले वाक्य उच्चारतो. काटेकोर गद्यासाठी ख्यातनाम असलेल्या लेखकाचे व्याकरणच येथे अडखळते. या ओळीत एका माणसाची वाचा काढून घेतली गेली आहे. वाचकाला ते खटकले नसेल, तर त्या मौनात त्याची वाचनसवयही सहभागी असते. स्वयंशिक्षणाचा आरंभ ही सवय ओळखण्यापासून होतो.

परंतु ओळखणे ही कृती नव्हे. साहित्याच्या अभ्यासकाचे कृतिक्षेत्र कोणते, याचे एक स्पष्ट उत्तर नैरोबी येथे मिळाले. ऑक्टोबर १९६८ मध्ये न्गुगी, हेन्री ओवुओर-अन्युंबा आणि तबान लो लियोंग या तिघा अध्यापकांनी इंग्रजी विभागच बंद करावा, असे टिपण विद्यापीठापुढे ठेवले. इंग्रजी साहित्याच्या जोडीला काही आफ्रिकी पुस्तके लावावीत, अशी त्यांची मागणी नव्हती. आफ्रिका केंद्रस्थानी ठेवून मौखिक परंपरेसह तिच्या साहित्याचा अभ्यास व्हावा आणि इतर साहित्ये तिच्या संबंधाने पाहिली जावीत, असा त्यांचा आग्रह होता. जोडणी आणि पुनर्रचना यांतील हा भेद निर्णायक आहे. जोडलेली ऐच्छिक अभ्यासपत्रिका केंद्राला धक्का लावत नाही. उलट त्याला औदार्याची प्रतिष्ठा मिळवून देते.

मराठी अभ्यासकाला हा विषय परका नाही. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला आणि स्वदेशीयांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. दूरच्या अन्यायाचे ज्ञान त्यांनी तत्काळ घरच्या अन्यायाकडे वळवले. मात्र या अर्पणात मुक्तीचे कर्तेपण मुक्तिदात्यांकडे राहते. गुलामांनी मळे सोडून आणि युद्धात उतरून स्वतःची मुक्ती कशी घडवली, याचा इतिहास डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांनी 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' (१९३५) मध्ये मांडला. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये याच द्युबॉइस यांना पत्र लिहून, नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. दोन्ही समाजांच्या स्थितीत त्यांना साम्य दिसत होते आणि अस्पृश्यांसाठीही तोच मार्ग अनुसरण्याचा विचार चालू होता. परोपकाऱ्यांच्या गौरवाकडून पीडितांच्या परस्परसंवादाकडे झालेला हा प्रवास आहे. ब्लॅक पँथर (१९६६) या नावाचा धागा घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, ती याच वाटेवर.

जात आणि वंश एक नव्हेत. त्यांच्या उपपत्ती आणि यंत्रणा भिन्न आहेत. पण या भिन्नतेचाही आडोसा केला जाऊ शकतो. मॉरिसनच्या कादंबरीने हेलावणारा वाचक मराठी कथेतील मोलकरणीची किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाची वाचा कोठे काढून घेतली गेली आहे हे शोधत नसेल, तर त्याचे शिक्षण झालेले नाही. त्याला फक्त सोयीचे अंतर लाभले आहे. वंशवादविरोधी वाचनाची कसोटी परक्या पुस्तकांच्या यादीवर लागत नाही. ज्या पुस्तकांना तो वाचक आजवर निःशंकपणे श्रेष्ठ म्हणत आला ती तो पुन्हा कशी वाचतो, वर्गात कशी शिकवतो आणि अभ्यासमंडळाच्या बैठकीत केंद्र कोणते असावे याविषयी काय भूमिका घेतो, यांवर ती लागते.