कलिंगडातील लोह गेले कुठे?

फळांतील खनिजांचे जे आकडे शाळेच्या तक्त्यांत आणि आरोग्यशिक्षणाच्या पुस्तिकांत दिसतात, त्यांपैकी कित्येकांचे मूळ एकाच पुस्तकात सापडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेसाठी गोपालन, रामशास्त्री व बालसुब्रमण्यन यांनी सिद्ध केलेले ‘न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स’ हे ते पुस्तक. ते १९७१ साली निघाले आणि १९८९ साली त्याची सुधारित आवृत्ती आली. भारतीय अन्नाविषयी भारतातच मोजलेले आकडे एका जागी देणारे असे दुसरे साधन अनेक वर्षे नव्हते. हे ऋण मान्य करूनच आम्ही त्यातील एका ओळीकडे शिक्षकांचे लक्ष वेधू इच्छितो.

त्यात १०० ग्रॅम कलिंगडात ७.९ मिलिग्रॅम लोह दाखवले आहे. हा आकडा खरा मानला, तर ४०० ग्रॅम कलिंगडातून ३१ मिलिग्रॅमहून अधिक लोह मिळावे. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीची दिवसाची गरजच सुमारे ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे चार फोडी खाल्ल्या की काम झाले!

हा आकडा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. कलिंगडात सुमारे ९५ टक्के पाणी असते, म्हणजे १०० ग्रॅम गरात घन भाग जेमतेम ५ ग्रॅम. ७.९ मिलिग्रॅम लोह त्या ५ ग्रॅममध्ये असेल, तर वाळवलेल्या १०० ग्रॅम गरात ते दीडशे मिलिग्रॅमच्या वर जाईल. बाजरीसारख्या लोहयुक्त धान्यातही १०० ग्रॅममागे ते सहा ते आठ मिलिग्रॅमच असते. शंका घेण्यास एवढे पुरे आहे.

त्याच संस्थेने २०१७ साली ‘इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स’ हे नवे पुस्तक काढले. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून त्यात ५२८ अन्नपदार्थांचे पृथक्करण दिले आहे. येथे कलिंगडातील लोह अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी आहे. फळातले लोह मधल्या काळात आटले असे नव्हे. लोह सूक्ष्म प्रमाणात मोजताना माती, सुरी किंवा खल यांचा किंचित अंश मिसळला तरी आकडा फुगतो. सरासरीबरोबर आकड्यातील चढउतारही छापणे, हा नव्या पुस्तकाचा मोठा गुण आम्हाला वाटतो. एकच ठाम आकडा वाचकाला निष्काळजी करतो.

तरीही नव्या तक्त्याची एक मर्यादा आहे. पदार्थात किती आहे ते तो सांगतो. शरीराला किती लाभते ते सांगत नाही. बाजरीतील लोहाला फायटेट अडवून धरते. शंभर ग्रॅम पेरूत लोह नाममात्र असते, पण क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि ते धान्य-भाजीतील लोहाच्या शोषणाला मदत करते. म्हणून ‘लोहासाठी कलिंगड’ या सल्ल्यापेक्षा ‘भाकरी-पालेभाजीबरोबर पेरूची फोड’ हा सल्ला स्वस्त आणि शास्त्रशुद्ध आहे. फळांकडून खनिज हवे असेल तर पोटॅशियमचे उदाहरण घ्यावे. १०० ग्रॅम केळ्यात ते ३०० मिलिग्रॅमहून अधिक असते.

हा केवळ आकड्यांचा वाद नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. अशा मुलीच्या घरी मोजक्या पैशांतून फळ आणले जाते, तेव्हा चुकीच्या ओळीची किंमत तीच मोजते.

म्हणून आमची सूचना अशी : वर्गातील तक्ता फेकू नये, तो गणिताच्या तासाला घ्यावा. प्रत्येक फळाच्या आकड्यातून पाणी वजा करून घन भागातील प्रमाण मुलांनीच काढावे, ते धान्य-डाळींशी ताडून पाहावे आणि जे आकडे पटत नाहीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह घालावे.