संख्यादर्शक शब्द आणि इंग्रजी क्रियापदाचे वचन : एका अध्यापकीय नियमाची चिकित्सा

प्रस्तुत लेखातील प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. उत्तरपत्रिकेत ‘नन ऑफ देम हॅव कम’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा गुण कापावा काय? आपल्याकडे तो कापला जातो. मीही अनेक वर्षे कापला. कारण ठरलेले असते : ‘नन’ म्हणजे ‘नॉट वन’, म्हणून एकवचन. व्युत्पत्तीचा हा आधार तकलादू आहे. ‘नन’चा अनेकवचनी प्रयोग जुन्या इंग्रजीपासून आढळतो. फाउलर यांच्यासारख्या काटेकोर कोशकारानेही 1926 मध्ये, हे सर्वनाम केवळ एकवचनीच आहे, ही समजूत चुकीची ठरवली होती.

क्वर्क, ग्रीनबाम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985 च्या बृहद् व्याकरणात या अन्वयामागे तीन तत्त्वे सांगितली आहेत : रूप, अर्थ आणि सान्निध्य. आपल्या मार्गदर्शक पुस्तकांत मात्र सुट्या नियमांची यादी असते. ‘अ नंबर ऑफ’ आले की अनेकवचन, ‘द नंबर ऑफ’ आले की एकवचन, एवढेच विद्यार्थी घोकतो. वस्तुतः हा भेद त्याच्या मातृभाषेतच आहे. ‘विद्यार्थ्यांची संख्या वाढली’ या वाक्यात कर्ता ‘संख्या’ आहे, म्हणून क्रियापद एकवचनी. ‘मोठ्या संख्येने विद्यार्थी आले’ येथे ‘संख्या’ तृतीयेत गेली आणि कर्तेपण विद्यार्थ्यांकडे आले. हे एकदा फळ्यावर मांडले की पाठांतराची गरज उरत नाही, असा माझा वर्गातील अनुभव आहे.

अर्थात मराठी सर्वत्र साह्य करीत नाही. ‘दहा रुपये पुरतील’ असे आपण अनेकवचनात म्हणतो; इंग्रजीत ‘टेन रुपीज इज इनफ’, कारण तेथे रुपये मोजलेले नाहीत, एक रक्कम अभिप्रेत आहे. उलट ‘मेनी अ स्टुडंट’ आणि ‘मोअर दॅन वन स्टुडंट’ यांत अर्थ उघडच अनेकवचनी असूनही क्रियापद एकवचनी येते. तेथे रूपाची सरशी होते. त्यामुळे अर्थाला सर्वाधिकार देणे हाही नवा हट्टच ठरेल.

तूर्त मी एवढेच करतो : ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव’ला गुण देत नाही, ‘नन ऑफ देम हॅव’चा कापत नाही. पुनर्मूल्यांकनात सहपरीक्षकांशी यावरून वाद होतो, आणि तो व्हावा.