उपसंहार नसलेले अस्त्र

अस्त्रविद्येत प्रयोगाइतकेच महत्त्व उपसंहारास आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. सौप्तिकपर्वात अर्जुन व अश्वत्थामा यांची अस्त्रे समोरासमोर येतात. अर्जुन आपले अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्यास ते साधत नाही, आणि ते अखेर उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडते. मारण्याची विद्या अवगत, पण आवरण्याची नाही, असा मनुष्य किती भयंकर असतो, हे व्यासांनी त्या एका प्रसंगात सांगून ठेवले. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेतील 'वाइल्डफायर' नामक कल्पित दाहक द्रव्याचे वर्णन वाचताना आम्हांस तोच प्रसंग वारंवार आठवला. त्याची ज्वाला हिरवी असते, म्हणून येथे आम्ही त्यास हरिताग्नी म्हणू.

या कल्पनेचे मूळ इतिहासात आहे. इसवी सन 672 च्या सुमारास सिरियातील हेलिओपोलिसचा कॅलिनिकस हा स्थपती कॉन्स्टँटिनोपलला आश्रयास आला व त्याने 'ग्रीक अग्नी' सिद्ध केला, असे बखरकार सांगतात. गलबतांवर बसविलेल्या धातूच्या नळ्यांतून तो शत्रूवर फेकीत आणि पाण्यावरही तो जळत राही. 717-718 च्या वेढ्यात अरबांच्या आरमाराचा व 941 मध्ये कीव्हच्या ईगोरच्या नौकांचा त्याने दाह केला. दहाव्या शतकातील सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने आपल्या मुलास बजावून ठेवले की, परकीयांनी ही विद्या मागितली तर, ती देवदूताने थोरल्या कॉन्स्टंटाइनास दिली व ती इतरांस देण्याची मनाई आहे, असे सांगावे. गुप्तता इतकी कडक राखली गेली की अखेरीस कृतीच लुप्त झाली.

मार्टिन यांनी या इतिहासातून पाण्यावर जळणे व गुप्तता ही दोन्ही लक्षणे उचलली. परंतु नळीऐवजी मडके पुढे आणले. आमच्या मते त्यांच्या कल्पकतेचे मर्म या बदलातच आहे. नळीला निदान दिशा असते, मडक्याला नसते. मडके साठविता येते, पुरता येते, विसरताही येते. त्यातून हे द्रव्य जितके जुने होईल तितके अधिक चंचल होते. म्हणजे शस्त्र जुने झाल्याने भय सरत नाही, उलट वाढते.

वेडा राजा एरिस हा राजधानी शत्रूच्या हाती जाणार असे दिसताच, विजेत्यास केवळ राख मिळावी म्हणून, आपल्याच नगराखाली अशी मडकी पेरून ठेवतो. जेमी हा त्याचा तरुण अंगरक्षक त्यास व त्याच्या विश्वासू किमयागारांस ठार करतो. नगर वाचते, पण जग त्यास राजहंता म्हणून हिणवते. या कृत्याचे खरे कारण वाचकास तिसऱ्या खंडात, 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्‌स'मध्ये, प्रथम कळते. अग्नी आवरण्याचा येथे एकच उपाय उरला होता, तो म्हणजे आज्ञा देणाराचा वध. पण तोही उपसंहार नव्हे. जागा जाणणारे मेले. मडकी मात्र भूमीखालीच राहिली.

'अ क्लॅश ऑफ किंग्ज' या 1998 च्या दुसऱ्या खंडात टिरियन हा चतुर पुरुष त्याच द्रव्याने नगराचे रक्षण करतो. त्याची युक्ती वाचताना वाचक त्याचा पक्षपाती होतो. आणि नेमक्या त्या क्षणी कादंबरीकार वाचकास तटावरून उचलून शत्रूच्या गलबतावर, डॅव्होस नावाच्या साध्या नाविकाशेजारी, नेऊन ठेवतो. हिरवी ज्वाला शत्रूची गलबते खाते, तशीच नगराचीही खाते. नदीच्या मुखाशी साखळी वर येते, परतीची वाट बंद होते, आणि डॅव्होसचे चार पुत्र नाहीसे होतात. 2012 मध्ये हाच प्रसंग दूरचित्रवाणीवर आला. संहिता स्वतः मार्टिन यांचीच होती. पण तेथे साखळी नाही, आणि पाहणाराची जागा बहुतांशी तटावर आहे. साहजिकच दाहाची आतषबाजी होते. ग्रंथाचे श्रेष्ठत्व येथे उघड दिसते.

मात्र एक दोष सांगितलाच पाहिजे. आपले द्रव्य अलीकडे अधिक सुलभतेने सिद्ध होते, असे किमयागार सांगतात आणि जगात पुन्हा ड्रॅगन अवतरले आहेत काय, असे विचारतात. ही जादूची जोड आम्हांस कमकुवत वाटते. ग्रीक अग्नीस ड्रॅगनची गरज पडली नाही. 1942 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात लुई फीझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाम तयार केले, तेव्हाही पडली नाही. 1945 च्या मार्चमधील 9-10 च्या रात्री त्याने भरलेल्या बाँबांनी टोकियो जळाले व सुमारे एक लक्ष माणसे मेली, असा अंदाज आहे. हे किमयागारांच्या अंधाऱ्या तळघरात घडले नाही. आम्ही ज्यास विद्यामंदिर म्हणतो, तेथे घडले. मंत्रतंत्राकडे बोट दाखविले की मनुष्याचा भार हलका होतो, आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळी सद्सद्विवेकास स्मरून लष्करी सेवा नाकारणाऱ्या लेखकाने तो हलका करावयास नको होता.

या ग्रंथांत क्रौर्य व कामुकता पुष्कळ आहे. ते लहानांच्या हाती देण्याजोगे नाहीत. परंतु घरातील जी मुले उद्या रसायनशास्त्राची पदवी घेऊन प्रयोगशाळेत पाऊल टाकणार आहेत, त्यांनी ते योग्य वयात अवश्य वाचावेत. वाचून झाल्यावर एकच प्रश्न त्यांस विचारावा: मडकी कोठे पुरली आहेत, याचा हिशेब ठेवण्याचे काम त्या नगरात कोणाचे होते?