तेजीत स्वस्त, मंदीत महाग

शेअरबाजारावरच्या मराठी व्हिडिओंमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पीई दहाच्या खाली आहे, म्हणजे शेअर स्वस्त आहे.’ पीई म्हणजे शेअरची किंमत भागिले त्या एका शेअरच्या वाट्याला आलेला वर्षभराचा नफा. शेअर शंभर रुपयांचा, नफा दहा रुपये, तर पीई दहा. मी कोल्हापुरात राहतो. फौंड्र्यांच्या या गावात ते वाक्य ऐकलं की मला ते उलटं करावंसं वाटतं. इथल्या धंद्यात शेअर सगळ्यात स्वस्त दिसतो, तेव्हा तो बऱ्याचदा सगळ्यात धोक्याचा असतो.

या भ्रमावर एक औषध आहे. एका वर्षाचा नफा न घेता मागच्या दहा वर्षांचा घ्यायचा, प्रत्येक वर्षाचा आकडा महागाईप्रमाणे आजच्या रुपयात आणायचा, त्याची सरासरी काढायची आणि शेअरच्या किमतीला तिने भागायचं. याला ‘केप’ किंवा ‘शिलर पीई’ म्हणतात. रॉबर्ट शिलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाच्या ‘इर्रॅशनल एक्झुबरन्स’ या पुस्तकामुळे हे गुणोत्तर जगभर पोचलं. शिलरना 2013 मध्ये यूजीन फामा आणि लार्स पीटर हॅन्सन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पुस्तक गाजलं, गुणोत्तर त्याहून जास्त गाजलं. पण ज्या कामासाठी ते आज वापरलं जातं त्या कामाला ते फारसं उपयोगी नाही, आणि ज्या कामाला ते खरंच उपयोगी आहे ते काम कुणी करत नाही, असं माझं मत आहे.

आधी फौंड्रीचं बघू. कोल्हापूरचा ओतकामाचा धंदा उसाच्या पाण्यातून आला. नदीवरून रानात पाणी उचलायला ऑईल इंजिनं आली, ती बिघडायला लागली, त्यांचे सुटे भाग इथेच ओतायला सुरुवात झाली. उद्यमनगर त्यातून उभं राहिलं. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. आज इथलं कास्टिंग मोठ्या प्रमाणात ट्रक आणि ट्रॅक्टरच्या कंपन्यांकडे जातं. म्हणजे देशात ट्रक किती विकले जातात, यावर शिरोलीतल्या भट्टीची पाळी ठरते.

ट्रकचे आकडे बघा. 2018-19 मध्ये देशात मध्यम आणि अवजड व्यावसायिक वाहनं, म्हणजे ट्रक आणि बस मिळून, साधारण 3.9 लाख विकली गेली. 2019-20 मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास. 2020-21 मध्ये 1.6 लाख. मग 2022-23 मध्ये पुन्हा साडेतीन लाखांच्या वर. कारणं एकावर एक आली : 2018 च्या मध्यात सरकारने ट्रकवर जास्त वजन लादायला परवानगी दिली, त्यामुळे तेवढाच माल न्यायला कमी ट्रक पुरेसे झाले, मग बाजारात पैशाची चणचण, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, आणि करोना. त्यात कोल्हापूरला ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 असे दोन महापूर. ऑगस्ट 2019 मध्ये तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता.

आता एक काल्पनिक फौंड्री घेऊ. तेजीच्या वर्षात तिचा शेअरमागे नफा 26 रुपये, शेअरची किंमत 260. पीई दहा, ॲपवर हिरव्या रंगात ‘स्वस्त’. दोन वर्षांनी ट्रक थांबले. नफा 2 रुपये, शेअर घसरून 104. पीई 52, ॲपवर लाल रंगात ‘महाग’. दोन्ही वेळी मागच्या दहा वर्षांची, महागाई धरून काढलेली सरासरी 13 रुपये होती असं समजा. मग तेजीतला केप 20 आणि मंदीतला 8. एका वर्षाचा पीई जे सांगत होता, त्याच्या नेमकं उलट. 260 ला घेणाऱ्याला वाटलं आपण सवलतीत घेतोय. त्याने खरं तर सायकलच्या टोकावरचा नफा कायमचा धरून पैसे मोजले.

अमेरिकेतही हेच झालंय, आणि तेही अख्ख्या बाजाराच्या बाबतीत. 2009 च्या मे महिन्यात एस अँड पी 500 या निर्देशांकाचा साधा पीई शंभराच्या पार गेला होता, कारण कंपन्यांचा नफाच वाहून गेला होता. साध्या पीईवर विसंबणाऱ्याने तेव्हा बाजार जगातला सर्वात महाग आहे असं म्हणून पळ काढला असता. केप त्या मार्चमध्ये 13 च्या आसपास होता, म्हणजे कित्येक वर्षांतला नीचांक. पुढचं दशक तेजीचं गेलं.

ही कल्पना मुळात शिलरची नाही, आणि हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. 1934 मध्ये बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी ‘सिक्युरिटी ॲनॅलिसिस’मध्ये सुचवलं होतं की नफा किमान पाच, शक्यतो सात किंवा दहा वर्षांच्या सरासरीने बघावा. 1929 च्या पडझडीत ग्रॅहम स्वतः चांगलाच पोळला होता. त्याच्या डोळ्यासमोर एकेक कंपनी होती : रेल्वे, पोलाद, यंत्रं. त्याची सरासरी कंपनी समजून घेण्यासाठी होती. 1988 मध्ये जॉन कॅम्पबेल आणि शिलर यांनी तीच सरासरी महागाई धरून अख्ख्या निर्देशांकाला लावली आणि तिच्यावरून पुढच्या काळातला परतावा किती सांगता येतो ते तपासलं. कंपनी वाचण्याचं साधन बाजाराचं हवामान सांगणारं यंत्र झालं, ते इथे.

हवामानाचा तो अंदाज किती खरा ठरला? 3 डिसेंबर 1996 रोजी या दोघांनी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हपुढे आपलं म्हणणं मांडलं : बाजार फार महाग आहे. दोनच दिवसांनी फेडचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी भाषणात ते दोन शब्द उच्चारले, जे पुढे पुस्तकाचं शीर्षक झाले. निर्देशांक तेव्हा 750 च्या आसपास होता. मार्च 2000 मध्ये तो 1500 च्या वर गेला. फुगा फुटल्यावर ऑक्टोबर 2002 मध्ये जो तळ लागला तोही 776 चा, म्हणजे इशारा दिला त्या दिवसापेक्षा किंचित वरच. निर्देशांक खऱ्या अर्थाने खाली, 676 वर आला तो मार्च 2009 मध्ये. इशारा खरा व्हायला बारा वर्षं लागली, आणि मधल्या काळात लाभांश मिळत होता तो वेगळाच. इतक्या वर्षांनी खरा ठरणारा अंदाज घेऊन पगारदार माणसाने करायचं काय?

पुस्तकाची पहिली आवृत्ती मार्च 2000 मध्ये, ऐन शिखरावर आली. याला भाकीत म्हणण्यापेक्षा मी प्रकाशकाचं नशीब म्हणेन. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत, 2008-09 च्या आसपासचे काही महिने सोडले, तर केप आपल्या दीर्घकालीन सरासरीच्या वरच आहे. जे यंत्र तीस वर्षं ‘ढगाळ’ सांगतं, त्यावर विसंबून कुणी छत्री घेत नाही.

तरीही पुस्तक वाचावं, कारण त्यातला सगळ्यात जिवंत भाग आकड्यांचा नाहीच. शिलर सांगतात की किंमत वाढली की कहाणी तयार होते, कहाणीने नवे लोक येतात, त्यांच्या पैशाने किंमत आणखी वाढते, आणि कुणी फसवणारा नसतानाही पॉन्झी योजनेसारखी साखळी आपोआप चालू राहते. वर्तमानपत्रं, टीव्ही, शेजाऱ्याचं नवं घर, यांच्यावरची प्रकरणं आजही ताजी वाटतात. फक्त टीव्हीच्या जागी रील्स घाला. गंमत अशी की केपचंही तेच झालं. ‘एका माणसाने दोन फुगे आधीच ओळखले’ ही कहाणी इतकी विकली गेली, की लोकांनी पुस्तकातून आकडा उचलला आणि विचार तिथेच ठेवला.

भारतात हा आकडा काढताना आणखी अडचणी येतात. अहमदाबादच्या आयआयएममधल्या अभ्यासकांनी भारतीय बाजाराचा केप काढून ठेवला आहे, ते काम मोलाचं आहे. पण महागाई कोणती धरायची? ग्रामीण-शहरी मिळून एकत्र ग्राहक किंमत निर्देशांक आपल्याकडे 2011 पासून सुरू झाला; त्याआधीच्या वर्षांना औद्योगिक कामगारांचा किंवा घाऊक निर्देशांक जोडून घ्यावा लागतो. नफा कोणता धरायचा? मार्च 2021 च्या अखेरीस एनएसईने निफ्टीचा पीई काढताना मूळ कंपनीच्या एकट्या नफ्याऐवजी उपकंपन्यांसह एकत्रित नफा घ्यायला सुरुवात केली. पीई एका रात्रीत साधारण 40 वरून 33 वर आला. बाजारात काहीच घडलं नव्हतं.

सगळ्यात मोठी अडचण वाढीची. एखाद्या कंपनीचा नफा महागाई वगळूनही दहा वर्षं 15 टक्क्यांनी वाढत आला असेल, तर तिची दहा वर्षांची सरासरी आजच्या नफ्याच्या फक्त 58 टक्के भरते. पीई 25 असेल तर केप 43 दाखवेल. म्हणजे चांगली वाढलेली कंपनी या मापात कायम महागच. केप मुरलेल्या, गोल गोल फिरणाऱ्या धंद्याचं माप आहे. सरळ वर चढणाऱ्याचं नाही. म्हणून मला वाटतं, ते निर्देशांकावरून काढून परत ग्रॅहमच्या जागी, एकेका कंपनीवर आणावं. आणि फौंड्रीसारखी दुसरी जागा शोधून सापडणार नाही.

तिथेही डोळे मिटून नाही. उद्यमनगरातली जुनी जागा विकून एखाद्या वर्षी मोठा नफा दिसला, तर तो दहा वर्षं सरासरीत बसून राहतो. याची उलट बाजू जेरेमी सीगल यांनी शिलरना दाखवली होती : 2002 मध्ये एओएल टाइम वॉर्नर या एका कंपनीने जवळपास 9,900 कोटी डॉलरचा तोटा लिहिला आणि अख्ख्या निर्देशांकाची सरासरी खाली ओढली. बोनस शेअर दिले, शेअरचे तुकडे केले, तर जुन्या वर्षांचे आकडे त्याच प्रमाणात बदलून घ्यावे लागतात. हे न करता केलेले तक्ते मी खूप पाहिलेत.

महागाईचा मुद्दा फौंड्रीत आणखी बारीक आहे. कास्टिंग किलोवर विकलं जातं. भंगार आणि पिग आयर्न महागलं की बड्या गिऱ्हाइकांशी ठरलेल्या दरात ती वाढ धरून घेतली जाते. विक्रीचा आकडा फुगतो, पण किलोमागे सुटणारे पैसे तेवढेच राहतात. म्हणून नुसती ‘विक्री दुप्पट’ अशी बातमी वाचून खूश होऊ नये. नफ्याला महागाईचं माप लावलं की हा फुगवटा उतरतो. 5 टक्के महागाई धरली तर दहा वर्षांपूर्वीचा 10 रुपये नफा आजचा सव्वासोळा होतो. आज कंपनी 14 कमावत असेल तर ती वाढली नाही, आक्रसली. पण हे माप एक गोष्ट लपवतं. नफा काढताना भट्टीचा घसारा जुन्या खरेदी किमतीवर धरलेला असतो. पंधरा वर्षांपूर्वीची इंडक्शन फर्नेस बदलायची वेळ आली की आजच्या भावाने पैसे लागतात. त्या जुन्या नफ्याला महागाई लावून आपण मुळात फुगलेला आकडाच आणखी फुगवतो. ग्रॅहमच्या सरासरीत महागाई नव्हती, शिलरनी ती आणली. घसाऱ्याचा हा हिशेब मात्र वार्षिक अहवाल उघडून स्वतःच करावा लागतो. मेनन पिस्टन्स, मेनन बेअरिंग्ज अशा इथल्या नोंदणीकृत कंपन्यांचे अहवाल फोनवर फुकट मिळतात. दहा अहवाल, एक वही, एक रविवार.

शिरोलीत ओळखीचे एक फौंड्रीवाले काका आहेत. ‘काका, यंदा कसं काय?’ म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘यंदाचं काय इचारतोस? यंदा सगळीच शाणी दिसत्यात. वाईट साली पगार कुणी वेळेवर दिलं, ते बघ जा.’ सरासरी हे सांगत नाही. दोन कंपन्यांची सरासरी 13 च असते. एकीने वाईट साली 2 रुपये कमावले, दुसरीने 9 रुपये तोटा काढून कर्जावर दिवस ढकलले. म्हणून सरासरी काढावी, आणि मग तिच्याखालचे दहा आकडे एकेक करून वाचावेत. मला तर वाटतं केपचा खरा उपयोग एवढाच आहे, की तो काढायचा म्हटलं तर ते दहा आकडे समोर मांडावे लागतात.

हे आज कुणासाठी? मार्च 2020 मध्ये देशात डीमॅट खाती साधारण 4 कोटी होती, मार्च 2024 मध्ये 15 कोटी. म्हणजे बहुतेक खाती करोनानंतर उघडली गेली. त्यांत पहिला पगार आहे, घरच्या उसाच्या बिलातून बाजूला काढलेले पैसे आहेत, आणि त्या खातेदारांनी ट्रकविक्री 3.9 लाखांवरून 1.6 लाखांवर येताना हातात शेअर धरून पाहिलेली नाही. त्यांना दिसली ती फक्त नंतरची चढण. त्यांच्या ॲपवरचा पीईही मागच्या बारा महिन्यांचाच असतो.

2023-24 मध्ये मध्यम आणि अवजड वाहनांची विक्री पुन्हा 3.7 लाखांवर गेली. 2019-20 आणि 2020-21 ही दोन वाईट वर्षं अजून सरासरीत आहेत, आणि ती तिला खाली धरून ठेवतात. मार्च 2030 ची सरासरी काढताना त्यातलं पहिलं वर्ष गळेल, मार्च 2031 ला दुसरं. सरासरी एकदम वर जाईल, फौंड्र्यांचा केप खाली येईल, आणि कुणीतरी व्हिडिओ करेल की कोल्हापूरचे शेअर दहा वर्षांत पहिल्यांदाच इतके स्वस्त झालेत. भट्टीत तेव्हा काय चाललं असेल ते त्या आकड्यात नसेल.