घरशाळेची शिदोरी : मोफत साधनांचे एक वाचन

गेल्या वर्षी भाद्रपदात, पाऊस उघडून तोरणा पुन्हा दिसू लागला होता तेव्हा, पुण्याहून विंझरला राहायला आलेल्या एका कुटुंबातली आई माझ्याकडे एक यादी घेऊन आली. मुलगी नऊ वर्षांची. तिला शाळेत घालायचे नाही, घरीच शिकू द्यायचे, असे नवराबायकोने ठरवले होते. यादीत एकोणतीस नावे. सगळी महाजालावरची, सगळी मोफत. 'काकू, तुम्ही इतकं वाचता. यातलं काय ठेवू, काय काढू, तेवढं सांगा,' ती म्हणाली.

मला हसू आले. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही शिकले ते वाचनालयांत, एसटीत आणि स्वयंपाक आटोपल्यावर ओसरीवर. पण यादी ठेवून घेतली. वर्षभर आठवड्यातून दोन दुपारी त्या मुलीबरोबर बसून त्यातली साधने वाचली, पाहिली, करून बघितली. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

'वाचन' हा शब्द मुद्दाम वापरते. कथा-कादंबऱ्यांची आपण समीक्षा करतो, कोशांचीही करतो. मुलांना शिकवणाऱ्या साहित्याच्या वाट्याला मात्र फक्त याद्या येतात : उपयुक्त संकेतस्थळे, त्यांचे पत्ते, आणि शेवटी 'अवश्य लाभ घ्या'. टाळेबंदीनंतर अशा याद्यांचा पूर आला. साधनात बोलणारा कोण, तो कोणाशी बोलतो आहे आणि ऐकणाऱ्याच्या घरात काय काय असेल असे तो धरून चालतो, एवढे तरी पाहायला हवे होते.

सुरुवात अर्थातच बालभारतीपासून. पुण्यात १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेची पाठ्यपुस्तके आज कोणालाही महाजालावरून मोफत उतरवून घेता येतात. दहावीपर्यंतची सगळी पुस्तके एका पेनड्राइव्हवर मावतात, ही गोष्ट माझ्यासारख्या, जुनी पुस्तके अर्ध्या किमतीत शोधत फिरलेल्या बाईला अजूनही नवलाची वाटते. पुस्तकेही वाईट नाहीत. 'परिसर अभ्यास'मधले 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' असे तुकडे कोणीतरी मुलांना जवळून पाहून लिहिले आहेत. तिसरीचे पुस्तक तर जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळे काढलेले. आपल्या जिल्ह्यापासून जगाकडे जायचे हा विचार त्यामागे आहे आणि तो चांगला आहे.

पण ही पुस्तके घरात उघडली की एक गंमत होते. पुस्तक मुलीशी बोलता बोलता मध्येच तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहते. तिथे शिक्षक उभे आहेत असे ते समजून चालते. गटात चर्चा करा, मित्राला विचारा, वर्गात सादर करा. घरात गट नाही, वर्ग नाही. मुलगी एकदा मला म्हणाली, 'आजी, चर्चा तुझ्याशीच करू का?' आम्ही केली. एक नऊ वर्षांची आणि एक चोपन्न वर्षांची, दोघींचे मत लगेच एक झाले. मतभेद व्हायलासुद्धा चार मुले लागतात.

चौथीच्या 'शिवछत्रपती'तला तोरणा जिंकल्याचा पाठ आम्ही ओसरीवर वाचला. पुस्तकात तोरणा, समोर तोरणा. १४०३ मीटर उंचीचा हा प्रचंडगड पाठ वाचताना तिला डोळ्यांपुढे होता. तिने विचारलेले प्रश्न पाठाखालच्या स्वाध्यायात नव्हते. एवढ्या वर पाणी कुठून येते? गडावरच्या माणसांना भात कोण पोचवत असे? ज्यांनी पोचवला ते आपल्यातलेच का? संपूर्ण राज्यासाठी काढलेल्या पुस्तकाला हे प्रश्न सुचले नाहीत, यात त्याची चूक नाही. मात्र पुस्तकांवरचे क्यूआर कोड टिपून, २०१७ पासून चालू असलेल्या 'दीक्षा' मंचावर गेले, तर तिथे तरी दार उघडेल असे मला वाटले होते. मी पाहिलेल्या पाठांपुरते सांगते : बहुतेक ठिकाणी तोच पाठ कोणीतरी पडद्यावर पुन्हा समजावून सांगतो आणि मग चार पर्यायांतला एक निवडायला लावतो. म्हणजे शाळेतली जी गोष्ट टाळायला हे कुटुंब बाहेर पडले, तीच मोफत घरपोच आली, आणि शाळेतली जी गोष्ट हवी होती, सोबतची मुले, ती राहून गेली.

मराठीत घर डोळ्यांपुढे ठेवून झालेला एक मोठा प्रयत्न मात्र इथे नोंदवायला हवा. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. निर्मिती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची, पहिली ते आठवीसाठी. पाठ्यपुस्तकाचाच आधार, पण फळा आणि व्याख्यान नव्हते. घरातल्या माणसांनी घरातल्या वस्तू घेऊन मुलांबरोबर काहीतरी करायचे, असा तिचा घाट होता. शाळा उघडल्यावर तिची चर्चा थांबली. आणीबाणीची सोय म्हणून ती पाहिली गेली आणि तशीच विसरली गेली. मराठी शिक्षणविचाराने तिचे नीट मूल्यमापन करायला हवे होते असे माझे मत आहे.

यादीतले जे एक नाव मी लाल शाईने अधोरेखित केले ते अरविंद गुप्तांचे. कानपूरच्या आयआयटीचे हे अभियंता होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून घडले. पुढे पुण्यात आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी २०१४ पर्यंत काम केले. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, स्ट्रॉ, जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी, त्यांच्या छोट्या चित्रफिती अनेक भाषांत, मराठीतही, आणि त्यांच्या जोडीला मोफत वाचता येणारी हजारो पुस्तके. पण संख्येसाठी मी हे नाव निवडले नाही. ती चित्रफीत जेमतेम दोन मिनिटांची असते आणि ती संपेपर्यंत मूल पडद्यासमोरून उठलेले असते, म्हणून निवडले. शाळेकडे नाही असे त्यात काही लागत नाही, आणि विंझरच्या दुकानात मिळत नाही असेही फारसे नाही. आमच्या ओसरीवर महिनाभर वाळलेल्या ट्यूबचा वास होता.

याउलट बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' प्रयोग. नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प अनेक भाषांत उपलब्ध आहे आणि त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत. पडद्यावर तारा जोडायच्या, दिवा लागतो. सेल वाढवला की जास्त उजळतो. काम अव्वल दर्जाचे. पण मुलीने तासभर खेळून झाल्यावर विचारले, 'खरा दिवा कुठाय?' तिच्या वडिलांनी विजेरीतला बल्ब आणि दोन सेल काढून दिले. खरा दिवा पहिल्यांदा लागला नाही. तार गंजली होती. ती घासली पाहिजे हे शिकायला तिला आणखी एक दुपार लागली, आणि ती दुपार मी या वर्षातल्या चांगल्या दुपारींत धरते. पडद्यावरची तार कधी गंजत नाही.

भाषेचा प्रश्न यादीत सर्वांत जास्त दडलेला होता. सल्मान खान या अमेरिकेतल्या गृहस्थांनी २००४ मध्ये आपल्या चुलतबहिणीला दुरून गणित शिकवायला घेतले आणि त्यातून खान अकादमी उभी राहिली, ही गोष्ट पालकांच्या तोंडी सतत असते. मला त्या गोष्टीतली चुलतबहीण महत्त्वाची वाटते. शिकवणाऱ्याला ती ठाऊक होती. कुठे अडते हे तिने सांगितले आणि त्याने तिच्या भाषेत उत्तर दिले. आपल्या मुलांना ते उत्तर आयते मिळते, पण दुसऱ्या कोणाच्या प्रश्नाला दिलेले. विंझरच्या या घरात आई इंग्रजीतून ऐकून मराठीत सांगायची, म्हणजे एका धड्याला दोन धड्यांचा वेळ. यादीत ही किंमत कुठेच लिहिलेली नव्हती.

मराठीत साधने नाहीतच असे नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभारलेला मराठी विश्वकोश महाजालावर खुला आहे. 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक आहेत. पुण्याच्या 'पालकनीती'चे आणि 'शैक्षणिक संदर्भ'चे अंक आहेत. या चारांपैकी एकही एकोणतीस नावांत नव्हते. विश्वकोशाची भाषा नऊ वर्षांच्या मुलीला जड, हे खरे. मी तो पुण्याच्या एका वाचनालयात रविवारी बसून वाचत असे तेव्हा मलाही जड होती. पण छापील खंडात एक नोंद शोधताना शेजारची दुसरी दिसते. शब्द टाकून नोंद काढणाऱ्याला शेजार उरत नाही. म्हणून आम्ही 'किशोर'च धरला आणि अंक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा असा नियम केला.

आता 'मोफत' या शब्दाकडे येते. बालभारतीचे पुस्तक मोफत मिळते, पण त्याचे हक्क मंडळाकडे राखीव आहेत. त्यातला पाठ घेऊन, त्यात गुंजवणीचा काठ आणि इथली भातखाचरे घालून, शेजारच्या चार मुलांसाठी छापून वाटायचा म्हटले तर परवानगी लागेल. प्रथम बुक्सचा 'स्टोरीवीव्हर' २०१५ मध्ये सुरू झाला तो मात्र वेगळ्या परवान्याखाली : गोष्ट घ्या, बदला, भाषांतर करा, छापा, फक्त मूळ लेखक-चित्रकारांचे नाव द्या. युनेस्कोच्या २००२ मधल्या बैठकीत मुक्त शैक्षणिक साधने ही संज्ञा रूढ झाली ती याच अर्थाने. आमच्याकडे एक गोष्ट मावळी बोलीत झाली. मुलीनेच केली, शेजारच्या आजीकडून शब्द विचारून. मूळ गोष्ट साधीच होती, थोडी गोडमिट्ट. यातल्या पुष्कळ गोष्टी तशा आहेत. तरी बदलता येते म्हणून ती तिची झाली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. साठ वर्षांनी, २०११ पासून, 'श्यामची आई' कोणालाही छापता येते. असे आपल्या भाषेतले पुष्कळ वाङ्मय आज सर्वांचे झाले आहे. ते मुलांच्या हाती पडेल अशा रूपात, नीट टीपांसह, मांडण्याचे काम मात्र अजून बाकी आहे, आणि ते कोणा परदेशी विद्यापीठाने करावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

घरी शिकणे आपल्याकडे नवे नाही. पंडिता रमाबाई (जन्म १८५८) लहानपणी कोणत्याच शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, मुलीला. दिवसभर घरकाम, म्हणून धडा पहाटेचा. झोपेतल्या मुलीला उठवून, पोथी न घेता, तोंडी. लक्ष्मीबाईंची ती पहाट मला कुठल्याही यादीत दिसत नाही. आपल्या काळातले ठळक उदाहरण मुंबईच्या मालविका जोशीचे : सातवीनंतर शाळा सोडली, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदके, बारावीचा दाखला नसल्याने आयआयटीचे दार बंद, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश. बातम्यांत मुलीची हुशारी आली, ती यायलाच हवी. नोकरी सोडून तिचा अभ्यासक्रम बांधणाऱ्या आईचा उल्लेख एका वाक्यात आला.

विंझरच्या त्या आईने पहिल्या सहा महिन्यांत आपले घरबसल्याचे काम निम्म्यावर आणले. यादीतले सगळे मोफत होते.

हे सारे लिहायला मला भाग पडले ते एका वेगळ्या कारणाने. आमच्याच तालुक्यात, पानशेतला, आसपासच्या कमी पटाच्या शाळांतली मुले एकत्र आणून समूहशाळा झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने समूहशाळांसाठी राज्यभरातून प्रस्ताव मागवले तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर पानशेतचेही उदाहरण दिले होते. समूहशाळेच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. चार मुलांच्या वर्गात चर्चेचे काय होते ते मी वर सांगितलेच. पण पावसाळ्यात वाड्यावस्त्यांवरून गाडी रोज सुटेलच असे नाही, आणि ज्या घरची मुले त्या दिवशी घरी राहतात, त्यांनी घरशाळा निवडलेली नसते. त्यांच्या आया लावणीला खाचरात असतात. शाळेत मुलाला दुपारचा आहार मिळतो, तो मोबाइलवर येत नाही. 'आता सगळं मोफत मोबाइलवर आहे' हे वाक्य मी याच वर्षी एका बैठकीत ऐकले, कमी पटाच्या शाळेचा विषय चालू असताना, आणि ते बोलणारे गृहस्थ वाईट मनाचे नव्हते. पुण्याहून आलेल्या, शिकलेल्या, इंग्रजी जाणणाऱ्या आईचे निम्मे काम ज्या साधनांनी खाल्ले, ती साधने डोंगरातल्या वस्तीवर शाळेच्या जागी पुरतील असे त्यांना खरोखर वाटत होते.

यादी मी परत केली तेव्हा त्यात सहा नावे उरली होती : बालभारती, गुप्ता, 'फेट', 'स्टोरीवीव्हर', आणि मी घातलेली 'किशोर' आणि 'संदर्भ'. पुढे परीक्षेची गरज लागली तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी चौदाव्या वर्षापासून देता येते आणि मराठी माध्यमातूनही देता येते, हे खाली पेन्सिलीने लिहिले. आईने यादी वाचली आणि विचारले, 'आणि मुलं, काकू? ती कुठून आणायची?'

सध्या ती मुलगी दुपारी चारला, गावातली शाळा सुटते तेव्हा, रस्त्याच्या कडेला उभी राहते. शाळेतल्या दोघी थांबतात. परवा त्या तिघी आमच्या ओसरीवर बसून ट्यूबचे तुकडे काड्यांना जोडत होत्या. शाळेतल्या एकीने सांगितले की काडी आत जात नसेल तर टोक थोडे ओले करायचे.